पाहुण्याला करमतं का

मागच्या श्रावणात म्हार्दोळला आत्याकडे गेले होते. जायांच्या पूजेचे दिवस, सगळ्या गावाला तो वास, आणि आत्या सोप्यावर पाय लांब करून जाया गुंफत बसलेली. पाऊस असा की पागोळ्यांपलीकडचं अंगणसुद्धा धड दिसत नव्हतं. मी तिकडे जर्मनीत पाच वर्षं नक्की काय केलं हे ती मला दर भेटीत विचारते आणि मी दर भेटीत काहीतरी मोघम सांगते, पण त्या दिवशी लाईट गेलेली, मोबाईलला रेंज नाही, कुठे जायची घाई नाही, म्हणून म्हटलं आज नीट सांगूया. सांगितलं की आत्या, आम्ही रेणूंचे पिंजरे करतो, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारके, आणि त्या पिंजऱ्यात दुसरा एक लहान रेणू जाऊन बसतो. पिंजऱ्याला आम्ही यजमान म्हणतो आणि आतल्याला पाहुणा. मग त्याच्यावर लेसरचा अगदी निमिषभराचा प्रकाश टाकायचा आणि तो आत कसा थरथरतो ते बघायचं. आत्याने गाठ मारली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "पाहुणा म्हणतेस नि पिंजऱ्यात घालतेस?" मी काही बोलायच्या आत पुढची जाई उचलून, माझ्याकडे न बघताच, तिने विचारलं, "करमतं का गो बाय त्याला आत?"

मी तेव्हा हसले. ती हसली नव्हती.

परत पणजीला येताना बसमध्ये, मग रात्री, मग कितीतरी दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. कारण खरं सांगायचं तर पाच वर्षं मी दुसरं काहीच मोजत नव्हते. मी लिहायचे वेगळ्या शब्दांत, पाहुण्याची कंपनवारंवारता किती सरकली, उत्तेजित अवस्थेचं आयुष्य किती, आजूबाजूच्या बदलांची आठवण किती पिकोसेकंद (सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग म्हणजे एक पिकोसेकंद) टिकते वगैरे, पण या सगळ्याच्या तळाशी प्रश्न तोच, की याला आत करमतं का. आणि हा शब्द बघा ना, करमणं. सुखी असणं नाही, खुश असणं नाही. नवीन सून महिनाभराने माहेरी आली की तिला हे विचारतात, हॉस्टेलवर ठेवलेल्या मुलाला फोनवर विचारतात, विकत आणलेली म्हैस पान्हा चोरायला लागली तरी म्हणतात की तिला अजून करमत नाही. जागेचं आणि जीवाचं एकमेकांशी जुळणं, किंवा न जुळणं. जागा चांगली असून न करमणं होऊ शकतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला जी जागा म्हणजे तुरुंग वाटेल तिथे एखाद्याला करमतंही.

आमच्या विषयातल्या माणसांनी आतल्याच्या बाजूने विचार केलेला आहे, तसे पुरावे आहेत. डोनाल्ड क्रॅमना लेन आणि पेडरसन यांच्याबरोबर १९८७ चं नोबेल मिळालं, पण मला त्यांचं त्यानंतरचं, १९९१ चं एक काम फार जवळचं वाटतं. सायक्लोब्युटाडाइन नावाचा चार कार्बनांचा रेणू आहे, इतका ताणलेला, इतका अस्वस्थ की मोकळा सोडला तर आपल्यासारख्याच दुसऱ्याला जाऊन भिडतो आणि क्षणात संपतो. तो बघायचाच तर गोठवलेल्या वायूत कडाक्याच्या थंडीत अडकवून बघावा लागायचा. क्रॅमच्या लोकांनी तो पिंजऱ्याच्या आतच जन्माला घातला, आणि तो साध्या खोलीच्या तापमानाला टिकला. कारण त्याला भिडायला दुसरं कोणी तिथे नव्हतं. २००९ मध्ये केंब्रिजला जोनाथन निट्श्के यांच्या गटाने पांढरा फॉस्फरस असाच ठेवला, हवा लागली की पेटणारा फॉस्फरस, चार कोपऱ्यांना लोखंडाचे अणू असलेल्या पिंजऱ्यात, आणि हवेत ठेवूनसुद्धा त्याला काही होईना. मला वाटायचं पिंजऱ्याने ऑक्सिजन अडवला असेल, पण तसं नाही, भिंतींत फटी आहेत आणि ऑक्सिजनचा रेणू चांगला बारका असतो. गोष्ट अशी की फॉस्फरसला ऑक्सिजन चिकटला की जे काही मोठं तयार होणार त्याला आत जागाच नाही, म्हणून ते पेटणं सुरूच होत नाही. बाहेर काढायचा तर बेंझीन घालायचं, ते आत शिरतं आणि फॉस्फरस बाहेर पडतो. म्हणजे दार कधी बंद नव्हतंच.

हे वाचलं तेव्हा मी जर्मनीतल्या त्या गावात पोटमाळ्यावरच्या एका खोलीत राहत होते, उतरतं छत, एक खिडकी, बाहेर चार वाजता अंधार. आणि मला आत्या आठवली होती. तेव्हाच. तिने प्रश्न विचारायच्या कितीतरी आधी.

आत्याचं लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं आणि बाविसाव्या वर्षी ती परत आली, कायमची. गोवा मुक्त होऊन पाचेक वर्षं झाली होती. तेव्हापासून ती त्याच घरात आहे, म्हार्दोळच्या, चौकाच्या घरात, जिथे एकेकाळी चौदा माणसं जेवायला बसायची आणि आता दोन. आमच्याकडे तिच्याबद्दल बोलायची एक ठरलेली पद्धत होती. माझी आई म्हणायची बिचारीचा जन्म कोंडून गेला, काका म्हणायचे तिला आम्ही काही कमी पडू दिलं नाही, आणि दोन्ही वाक्यं आत्याच्या देखत बोलली जायची, ती वाढत असताना, कढीचा डाव हातात असताना. तिला कोणी विचारलेलं मला आठवत नाही. १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झालं, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा, त्या दिवशी ती नवरा गेल्यानंतर पहिल्यांदा घराबाहेर पडली. मत द्यायला. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. आमचं घर सगळं फुलाचं, फोंड्याकडे तेव्हा हवाच ती होती, आणि आजोबांनी गृहीत धरलेलं की घरातली सगळी मतं एकाच ठिकाणी पडली. मी कॉलेजात असताना तिला एकदा विचारलं, आत्या, तू कशावर शिक्का मारलेलास? ती म्हणाली, "ते माझं मी जाणे." एवढंच. चेहऱ्यावर काही नाही. अजून सांगितलेलं नाही.

जिथे दिसत नाही तिथे ऐकावं लागतं, हे मला प्रयोगाने शिकवलं. इन्फ्रारेडमध्ये, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशात, आम्ही रेणूचे बंध ऐकतो. कार्बन आणि ऑक्सिजनमधला दुहेरी बंध सेकंदाला साधारण ५० लाख कोटी वेळा ताणतो-आखडतो, म्हणजे एक हेलकावा २० फेम्टोसेकंदांचा. फेम्टोसेकंद म्हणजे एका सेकंदाचे एक अब्ज भाग करायचे आणि त्यातल्या एका भागाचे पुन्हा दहा लाख. आपल्याकडे घुमट वाजवतात ना आरतीला, उजव्या हाताने कातड्यावर थाप आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड कधी झाकायचं कधी उघडं, भांडं तेच, कातडं तेच, फक्त मागची मोकळी हवा कोंडली की सूर बदलतो. पाहुण्याचं तसंच. बाहेर पाण्यात असताना पाण्याचे रेणू त्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधांनी धरून असतात, त्यामुळे सूर थोडा खाली, आणि पिंजऱ्यात शिरला की ते पाणी दाराशी सुटतं आणि सूर वर चढतो. चवथीला आमच्या घरी गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली घुमट वाजायचं तेव्हा मी लहान, डोळे मिटून ओळखायचे की आता काका वाजवतायत की शेजारचे, नुसत्या तळव्याच्या दाबावरून. पुढे तेच करत पोट भरेन असं तेव्हा कुठे ठाऊक होतं.

पण एका थापेवर सगळं कळत नाही. म्हणून दोन ठोके. पहिला लेसरचा ठोका पाहुण्याच्या त्या एका बंधाला जागं करतो, आणि थोड्या वेळाने येणारा दुसरा ठोका बघतो की आता काय चाललंय. या दोघांमधला वेळ मोजायला जगात कुठलं घड्याळ पुरत नाही, म्हणून तो अंतराने मोजायचा, आणि ही गोष्ट मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी टेबलापाशी कितीतरी वेळ नुसती उभी राहिले होते. प्रकाश १ पिकोसेकंदात ०.३ मिलिमीटर जातो. दुसऱ्या किरणाच्या वाटेतला आरसा ०.१५ मिलिमीटर मागे सरकवला की त्याला जाताना एकदा आणि येताना एकदा तेवढी वाट जास्त पडते आणि तो बरोबर १ पिकोसेकंद उशिरा पोचतो. केसाच्या जाडीइतकं सरकवायचं आणि थांबायचं, परत सरकवायचं, परत थांबायचं. रात्री दोन वाजता अंधाऱ्या लॅबमध्ये ती आरशाची गाडी तसूतसूने सरकताना बघणं, बाजूला डिटेक्टरमध्ये ओतलेल्या द्रव नायट्रोजनची वाफ जमिनीवर उतरतेय, उणे १९६ डिग्रीची, आणि स्क्रीनवर एकेक ठिपका चढतोय, मला त्या रात्री फार आवडायच्या. अहमद झेवेल यांना याच फेम्टोसेकंदांच्या रसायनशास्त्रासाठी १९९९ चं नोबेल मिळालं, आणि इन्फ्रारेडमधली द्विमिती पद्धत त्याच्या एकच वर्ष आधी, १९९८ ला, पेन्सिल्वेनियात हॉकस्ट्रासर यांच्या लॅबमधून आली. आमचं सगळं त्याच वाटेवरचं.

ती द्विमिती पद्धत म्हणजे काय ते मी आत्याला सांगायचा प्रयत्न केला होता, अर्धवटच जमलं. पाहुण्याला विचारायचं, आत्ता तुझा सूर कुठला? थोडं थांबायचं. परत विचारायचं, आणि आता? हजारो पाहुण्यांची दोन्ही उत्तरं आडवी-उभी मांडली आणि ती सारखी असली की कागदावर तिरका, लांबट ठिपका उमटतो, आणि उत्तरं एकमेकांशी जुळेनाशी झाली की तोच ठिपका हळूहळू गोल होतो. गोल झाला म्हणजे आजूबाजूचं सगळं इतकं बदललं की आपण मघाशी कोण होतो याची आठवण राहिली नाही. पाण्यात हे एखाद-दोन पिकोसेकंदांत होतं, पाणी सतत हात धरतं आणि सोडतं. पिंजऱ्यात माझा ठिपका तिरकाच राहायचा. पाच पिकोसेकंद, दहा, वीस, तरी तिरका. आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये सगळे म्हणाले छान, आतलं वातावरण स्थिर आहे.

स्थिर. मला तो शब्द टोचला. स्थिर म्हणजे स्वस्थ की अडकलेला?

आकड्यात हे दोन्ही अगदी सारखं दिसतं, हेच तर अवघड आहे. वेगळं कळायला अजून एक गोष्ट मोजावी लागते, प्रकाशाची दिशा फिरवून बघायचं की पाहुणा आत वळतो का, कूस बदलतो का. सूर ठरलेला पण अंग मोकळेपणी फिरतंय तर ती जागा त्याच्या मापाची. सूरही अडलेला आणि कूसही बदलता येत नाही तर मग तो चिणलाय. आणि मापाचंसुद्धा एक गणित आहे, रेबेक आणि मेकोझी यांनी १९९८ मध्ये कितीतरी यजमान-पाहुण्यांच्या जोड्या तपासून काढलेलं, की पाहुण्याने आतली साधारण ५५ टक्के जागा व्यापली तर ते बसणं सगळ्यात चांगलं. पूर्ण भरलेली नाही. जवळजवळ अर्धी रिकामी. मी हे वाचलं आणि आमचं घर आठवलं, चौदा माणसांचं तेव्हाचं, जिथे आत्याच्या वाट्याला कोठीच्या बाजूची एक खोली, त्यात तिचा पलंग, पत्र्याची पेटी आणि आमसुलांच्या बरण्या, आणि आताचं, जिथे अकरा खोल्या बंद. माझ्या हिशेबाने तिला कधीच पंचावन्न टक्के मिळाले नाहीत. हा हिशेब मी खरंच केला होता एका रात्री, आणि मग मला वाटलं की मी परत तेच करतेय, बाहेरून.

बाहेरून म्हणजे काय ते सांगते. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात चार महिने मी आलेखातल्या एका शिखराच्या मागे होते. सुंदर शिखर, अरुंद, दर वेळी तिथेच येणारं, मी त्याचं आयुष्य मोजलं, त्याचं वळणं मोजलं, लिहायलासुद्धा घेतलं. आणि मग फेब्रुवारीत एका साध्या तपासणीत कळलं की तो पाहुणा आत नव्हताच. तो पिंजऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला चिकटलेला होता. खऱ्या आतल्याचा सिग्नल तिथेच बाजूला होता, बारीक, रुंद, मी ज्याला गाळ समजून वजा करत होते तो. चार महिने आतल्याचं म्हणून मी बाहेरच्याचं ऐकत होते. त्या संध्याकाळी मी खूप रडले, कामाच्या वाया जाण्याचं दुःख होतंच, पण लाज जास्त वाटली, एखाद्याचं म्हणणं चुकीचं सांगितल्यावर वाटते तशी.

त्यानंतर मी त्या बारीक सिग्नलकडे परत गेले. आणि त्याच्यात एक गोष्ट होती. पहिल्या ठोक्याने बंधाला जी ऊर्जा मिळते ती त्याला कुणाला तरी द्यावी लागते, आणि ज्याच्या कंपनाशी ती जुळेल त्यालाच देता येते, असं समजा की ज्याला आपली भाषा कळते त्यालाच. पाण्यात असे ऐकणारे पुष्कळ, लगेच निचरा होतो. पिंजऱ्याच्या भिंतींना माझ्या पाहुण्याची भाषा फारशी येत नव्हती. म्हणून तो कितीतरी जास्त वेळ थरथरत राहायचा, एकटाच, आणि शेवटी तुकड्यातुकड्याने ती ऊर्जा भिंतीला जायची. हा आलेख मी छापून घेतला होता. आत्याबद्दल घरात सांगतात की ती परत आली तेव्हा महिनाभर बोलली नाही, पण रोज चार वाजता उठून सगळ्या घराला शेण सारवायची, चौक, सोपा, मागचा पडवीचा भाग, जे सारवलेलं होतं तेसुद्धा. भिंतीला, जमिनीला. ऐकणारं माणूस चौदांत एकही नव्हतं.

आमच्या माडीवर दोन खिडक्यांना अजून शिंपल्यांची तावदानं आहेत. काचेआधीच्या काळातली, चौकोनी कापलेले पातळ शिंपले लाकडी चौकटीत बसवलेले. त्यातून उजेड येतो दुधासारखा, पण पलीकडचं दिसत नाही, कोणी आलंय गेलंय एवढं सावलीने कळतं. काच लावली तर बाहेरचं स्वच्छ दिसेल असं आपल्याला वाटतं, पण मी ज्या प्रकाशाने काम करायचे त्याला काच भिंतीसारखी असते, आरपार जातच नाही, म्हणून आमच्या नमुन्याच्या डबीला कॅल्शियम फ्लोराइडच्या खिडक्या असतात. कुठल्या प्रकाशाने बघतोय त्यावर खिडकी ठरते. आणि पाणीही साधं चालत नाही, ते नेमक्या त्याच जागी स्वतःच बोलत बसतं, म्हणून जड पाणी, जड हायड्रोजनचं, घ्यायचं. हवेतल्या वाफेचं तर विचारूच नका. सगळं टेबल पेटीत बंद करून कोरडी हवा सोडत राहायची, नाहीतर स्क्रीनवर नुसत्या वाफेच्या रेघा. मला तिथे कायम गंमत वाटायची की मी कुठल्या प्रदेशातून आले, जिथे जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीत पाणी सुटतं आणि पेटीतल्या साड्यांना बुरशीचा वास येतो. एमएस्सीला आम्ही पोटॅशियम ब्रोमाइडची चकती करायचो इन्फ्रारेडसाठी, पावसाळ्यात ती यंत्रापर्यंत नेईस्तोवर धुरकट व्हायची, दिव्याखाली वाळवायची, परत धुरकट, ओल शोषणारी सिलिका जेल सकाळी निळी आणि संध्याकाळी गुलाबी. आमच्या मॅडम म्हणायच्या, गोव्यात रसायनशास्त्र शिकायचं तर आधी पाण्याशी ओळख करून घ्या.

पाण्याचीच एक गोष्ट राहिली, ती मला सगळ्यात जास्त सतावते. ओतता येणारं पाणी कधी एकटं नसतं. एका रेणूचे हात दुसऱ्यात, दुसऱ्याचे तिसऱ्यात. जपानमध्ये फुजितांच्या पिंजऱ्यात, तो जो त्यांनी १९९५ ला केला, सहा कोपरे पॅलेडियमचे आणि चार तिकोनी भिंती, दहा तुकडे पाण्यात टाकले की आपले आपण जोडले जातात, त्या पिंजऱ्याच्या आत पाण्याचे बरोबर दहा रेणू बर्फासारखे एकमेकांना धरून बसलेले सापडले, साध्या तापमानाला. दहा आहेत तर बर्फ. आणि २०११ मध्ये कुरोतोबी आणि मुराता यांनी कार्बनचा साठ अणूंचा गोळा रसायनांनी उघडून त्यात पाण्याचा एकच रेणू ठेवला आणि गोळा परत शिवला. एक. ज्या पाण्याला हात धरायला कोणी नाही असं पाणी. लोकांनी बघितलं तर ते आत जवळजवळ मोकळेपणी फिरत होतं, कमालीच्या थंडीतसुद्धा, जिथे बाकी सगळं पाणी दगड झालेलं असतं तिथेही ते फिरत होतं. मी हा पेपर कितीदा वाचला असेल. मला कधी वाटतं हे किती भयंकर आहे आणि कधी वाटतं किती सुंदर, आणि दोन्ही वाटणं एकाच वेळी येतं, एकही दुसऱ्याला हरवत नाही.

या जानेवारीत आत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि आठ दिवस ती माझ्याकडे ताळगावच्या फ्लॅटमध्ये राहिली. चौथा मजला, दोन खोल्या, अंगण नाही, तुळस कुंडीत. डोळ्यावर पट्टी, वाचायचं नाही, वाकायचं नाही, चुलीपाशी जायचं नाही, आणि ती आयुष्यात पहिल्यांदा रिकाम्या हाताने बसली होती. मला काळजी वाटायची. कॉलेजातून दर तासाला फोन करायचे, औषध घातलं का, जेवलीस का, ती म्हणायची हो. मधे दोनदा मी विचारता विचारता थांबले, तिचाच प्रश्न तिला विचारायला जीभ उचलेना. विचारला असता तर ती जे उत्तर देणार तेही मला माहीत होतं, हो गो, करमतं की, पाहुण्याने द्यायचं तेच.

सहाव्या दिवशी पहाटे उठले तर ती हॉलमध्ये खुर्चीत बसलेली, अंधारात, दिवा न लावता. म्हटलं काय झालं, झोप नाही लागली? तिने बोट वर केलं, थांब म्हणून. जिन्यावर पावलं वाजली आणि खाली कुठेतरी दार लागलं. "तिसऱ्या मजल्यावरची मुलगी," आत्या म्हणाली, "रात्रपाळी करते बहुतेक. शेवटच्या दोन पायऱ्या एकदम चढते." मी या बिल्डिंगमध्ये सहा वर्षं राहते. तिसऱ्या मजल्यावर मुलगी आहे हे मला माहीत नव्हतं. मी तिच्या बाजूला खाली बसले, फरशी गार होती. ती सांगत होती, समोरच्यांचा नळ बंद केल्यावरही अठ्ठावीस थेंब गळतो मग थांबतो, वरच्या आजोबांच्या काठीचं रबर गेलंय, कोणीतरी त्यांना सांगायला हवं, पडतील. पट्टी नसलेला डोळा मिटलेलाच होता. तिच्या अंगाला त्याही फ्लॅटमध्ये आमसुलांचा आणि खोबरेलाचा वास येत होता. मी पुष्कळ वेळ काही बोलले नाही, ती ऐकत होती ते ऐकायचा प्रयत्न केला, मला फक्त फ्रिज ऐकू आला.

मग विचारलंच. "आत्या, करमतं का गो तुला इथे?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. मान थोडी कलती केली, आणि तेव्हा खूप लांबून, जवळजवळ नाहीच असा, पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा मलाही ऐकू आला. मी पैसे घ्यायला उठायला लागले तर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बस," म्हणाली, "अजून वळणावर आहे."